माझ्या रिपोर्टातली शेवंता

माझं लिहिणं चांगलं आहे असं शाळेपासून सगळे म्हणत आले, आणि मीही ते खरं मानत आले. पुढे समाजकार्याच्या नोकरीत याच चांगल्या लिहिण्यापायी मी एका आईची मुलगी जवळजवळ कायमची घालवली होती. संपादकांनी "नोकरीतले गमतीदार अनुभव पाठवा" असं कळवलं आहे. तसे अनुभवही पुष्कळ आहेत. पण कागद पुढे ओढला की मला इतक्या वर्षांनीही मुलांच्या कोर्टाबाहेरचं ते लाकडी बाकडं आठवतं. तेव्हा तेच लिहिते.

साठीचं दशक संपत आलं होतं. मुलुंडला स्टेशनपासून दहा मिनिटांवर एका चाळीच्या तळमजल्यावर आमचं केंद्र होतं. दोन खोल्या, एक टेबल, फायलींचं कपाट आणि ओटीवर लोकांना बसायला दोन सतरंज्या. बाहेर पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. लोकांच्या लेखी मी कधी दूधपावडर वाटणारी, कधी कुटुंबनियोजनवाली, आणि बरेचदा नुसतीच 'पिशवीवाली बाई' होते. माझ्या सासूबाईंनी तर लग्नानंतर सहा महिन्यांनी विचारलं, "अगं, तू रोज जातेस, पण करतेस काय?" मी म्हटलं, "लोकांच्या अडचणी सोडवते." त्या म्हणाल्या, "मग घरच्यांनी रांगेत कुठे उभं राहायचं?"

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. कोणी अडचण घेऊन आलं की आम्ही त्याची हकिगत ऐकून घ्यायची, त्याच्या घरी जाऊन परिस्थिती पाहायची आणि मग रिपोर्ट लिहायचा. तो रिपोर्ट इस्पितळात, शाळेत, अनाथाश्रमात, नाहीतर कोर्टात जाई. तिथल्या साहेबाने त्या माणसाला कधी पाहिलेलं नसे. तो माझा कागद पाहून ठरवत असे. जागा थोड्या आणि गरजू फार, त्यामुळे कागदावरचा माणूस जितका मोडका दिसेल तितकं काम लवकर होई. कॉलेजात आम्हांला शिकवलं होतं की माणसाला त्याच्या पायांवर उभं करायचं. सक्षमीकरण हा भारदस्त शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हतं, पण अर्थ तोच. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला कळलं की स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या माणसाला कुठलीच संस्था जागा देत नाही. म्हणून मी कागदावर सगळ्यांना आधी खाली बसवू लागले. त्यात माझा हातखंडा होता. माझा रिपोर्ट कधी परत येत नसे, आणि मला त्याचा अभिमान होता.

एकदाच एकीने मला त्यावरून धारेवर धरलं. जानकीबाई म्हणून एक कोळीण होती, नाहूरच्या बाजूला टोपली घेऊन मासे विकायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि डोळ्यांच्या शिबिरासाठी आमची चिठ्ठी लागत होती. मी झरझर चिठ्ठी लिहून तिच्यापुढे अंगठ्याला धरली. ती अंगठा द्यायलाच तयार होईना.

"जा लिवलास ता मना वाचून दाखव," ती म्हणाली.

मी वाचलं, "सदर स्त्री वृद्ध व निराधार असून तिला पाहणारे कोणीही नाही."

"निराधार? मी?" जानकीबाई उठून उभीच राहिली. "अगो, माझे तीन पोर हान, दोन सुना हान, घरची होरी हाय दर्यावर. मना पायणारा कोन नाय? मना दिसत नाय म्हणून आली मी. तवरा लिव. डोल्याला दिसत नाय."

मी तिला समजावू लागले की असं लिहिल्याने नंबर लवकर लागतो. ती म्हणाली, "माझा सोन्यासारखा संसार मोडून मना नंबर नको." शेवटी मी खोडून 'डोळ्यांना दिसत नाही' एवढंच लिहिलं आणि तिचं ऑपरेशन ठरल्या दिवशी बिनबोभाट झालं. बरी झाल्यावर ती ताजी मांदेली घेऊन केंद्रावर आली. आम्ही गुप्ते, कायस्थ, माशाला नाही म्हणण्याची आमच्यात पद्धत नाही. त्या रात्री जेवताना मी घरात सगळ्यांना जानकीबाईचा किस्सा रंगवून सांगितला, सगळे हसले आणि मी तिथेच तो विषय संपवला. त्यातून काही शिकायचं असतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी शेवंता आली. शेवंता सोनवणे मूळची संगमनेरकडची. नवरा भांडुपच्या खाणीत कामाला होता, तो सुरुंगाच्या अपघातात गेला. पदरात पाच वर्षांची सुमन. त्यात शेवंताला क्षय झाला आणि डॉक्टरांनी सांगितलं की मुलीला जवळ ठेवू नकोस आणि स्वतः ताबडतोब दवाखान्यात दाखल हो. गावाकडे सासर-माहेर दोन्हीकडे विचारून झालं होतं, पोरीला ठेवून घ्यायला कोणी तयार नव्हतं. ती वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. तरी मी तिला 'अगं' म्हणत असे आणि ती मला 'अहो बाई'. तेव्हा यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

मी तिच्या झोपडीत गेले, तिने चहा केला, मी तो घेतला. बौद्ध वस्तीत चहा घेणाऱ्या बाया तेव्हा मोजक्या होत्या. मी त्यांतली एक, म्हणून स्वतःवर खूश होते. शेवंता एकच गोष्ट परत परत विचारत होती.

"बाई, बरी झाले की पोर परत मिळंल ना?"

"हो गं, मिळेल की," मी म्हणाले.

हे मी खोटं बोलले नव्हते, पण खरंही करून घेतलं नव्हतं. मुलांना संस्थेत ठेवायचं तर कोर्टाचा हुकूम लागे. 'आई आजारी आहे, वर्षभरासाठी ठेवा' असं लिहिलं असतं तर जागा मिळायला महिने गेले असते. आणि शेवंता रोज खोकत होती, पोर रोज तिच्या कुशीत निजत होती. माझी झोप उडाली होती. मी बसले आणि इंग्रजीत तीन पानी रिपोर्ट लिहिला. लिहायची पद्धतच इंग्रजीची होती. त्यातली आई कागदावर अशी उतरली की वाचणाऱ्याने पोरीला त्याच दिवशी तिच्यापासून दूर न्यावं.

कोर्टात जायच्या दिवशी मी तिला बजावलं, "तू काही बोलू नकोस. मी बोलते. आणि रडू नकोस हं, पोर बिथरेल." ती एक अक्षर बोलली नाही, रडली नाही. सुमनला संस्थेतली बाई घेऊन गेली तेव्हा शेवंता भिंतीकडे बघत उभी होती. आठ दिवसांत जागा मिळाली म्हणून केंद्रात सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. हुकुमात लिहिलं होतं, मुलीला सोळा वर्षं पूर्ण होईपर्यंत संस्थेत ठेवावं. ते मी वाचलं. बरी झाल्यावर बघू, असं मनाशी म्हटलं आणि फाईल कपाटात टाकली.

शेवंता दीड वर्षाने बरी होऊन आली. इंजेक्शनांनी दंड काळेनिळे झालेले, पण डोळ्यांत तेज होतं. "आता पोर आणायची," ती म्हणाली. मला हुकूम आठवला. मी म्हटलं, "आधी नोकरी बघ." तिने औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुण्याचं काम मिळवलं. मी म्हटलं, "आधी नीट खोली बघ." तिने वर्षभर धडपडून खोली बघितली. मी आणखी एक 'आधी' शोधत होते, तेवढ्यात संस्थेचं पत्र आलं. दहा वर्षांच्या होत आलेल्या मुलींना ते दुसऱ्या संस्थेत हलवणार होते, आणि ती संस्था पार नागपूरच्या पलीकडे होती. यादीत सुमनचं नाव होतं.

आता चालढकल करता येणार नव्हती. शेवंताचा अर्ज केला, कोर्टाने तारीख दिली. तयारीसाठी मी कपाटातून जुनी फाईल काढली आणि चार वर्षांपूर्वी स्वतःच लिहिलेला रिपोर्ट वाचला. कोर्टाच्या फायलीत हाच कागद सगळ्यात वर असणार होता. पोरगी आईला का देऊ नये, याची इतकी चोख कारणं शेवंताच्या शत्रूनेही लिहिली नसती.

आमच्या प्रमुख डिमेलोबाई बोरिवलीहून दोन बस बदलून, आरे कॉलनीच्या झाडीतून मुलुंडला येत. वयाने पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. मी त्यांच्यापुढे रिपोर्ट ठेवला आणि म्हटलं, "मी नवा रिपोर्ट लिहिते. आता सगळं सुधारलंय असं लिहिते. बघा तुम्ही, असा लिहिते की..."

"परत तूच लिहिणार?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "माय गर्ल, तिची तोंड बंद कोणी केली? तू. आता उघडणार पण तूच? हा जुना रिपोर्ट तिला वाचून दाखव. आणि कोर्टात तू बोलायचं नाही. ते विचारतील तेव्हाच, विचारतील तेवढंच."

"ती घाबरली तर? अडखळली तर? पोर जाईल, मॅडम."

"जाईल ना. भीती मला पण वाटते," त्या म्हणाल्या. "पण तू बोलली तर जज काय बघणार? की हिला अजून पण बोलता येत नाही."

सुनावणीला आठ दिवस होते. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट पिशवीत घालून मी नाहूरला शेवंताच्या खोलीवर गेले. खोली शेणाने सारवलेली, कोपऱ्यात सुमनसाठी घेतलेली नवी पाटी आणि खडूची पेटी. शेवंताने बुद्धविहारातल्या वर्गात जाऊन सही शिकून घेतली होती. ती मला वहीत गिरवून दाखवत होती, चौदा वेळा तेच नाव. माझा हात पिशवीत गेला आणि तसाच बाहेर आला. मी तिच्याकडून कोर्टातल्या प्रश्नांची उत्तरं तेवढी घोकून घेतली. 'इस्कूल' म्हणू नकोस, 'शाळा' म्हण. 'ऱ्हाईल' नको, 'राहील' म्हण. ती बिचारी मान डोलवत होती. परत येताना रेल्वेफाटकाशी उभी राहून मी स्वतःला शिव्या दिल्या. दोन दिवसांनी पुन्हा गेले आणि पुन्हा तशीच परत आले. तिच्या शेजारणीने पापड लाटायला बसवलं आणि मी आनंदाने बसले, कारण पापड लाटताना रिपोर्ट वाचता येत नाही. डिमेलोबाईंनी विचारलं तेव्हा मी "सांगितलं थोडंसं" असं म्हणाले. हे मात्र साफ खोटं होतं.

सुनावणीच्या दिवशी शेवंता शेजारणीला बरोबर घेऊन आली. पांढरं लुगडं, केस चापून बसवलेले, हातात पर्स म्हणून रुमालाची पुरचुंडी. आत टेबलामागे एक वयस्कर मॅजिस्ट्रेट आणि त्यांच्याशेजारी दोन मानद सभासद बाया. शेवंताला समोरच्या खुर्चीवर बसवलं. मी आणि डिमेलोबाई मागे भिंतीपाशी. मॅजिस्ट्रेटांनी फाईल उघडली आणि मला तिथूनही माझं पान ओळखू आलं.

"बाई, तुम्हांला ठाऊक आहे का, मागच्या चौकशीत तुमच्याबद्दल काय लिहिलं आहे?" त्यांनी विचारलं.

"न्हाई साहेब. मला कुनी सांगितलं न्हाई."

ते वाचू लागले, एकेक वाक्य मराठीत करत, सावकाश. "आई मंद बुद्धीची वाटते. विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत नाही. मुलीच्या भवितव्याची तिला समज नाही. स्वतःहून निर्णय घेण्याची कुवत नाही. घरात भांडीकुंडीसुद्धा नाहीत. मुलीबद्दल विशेष ओढ दिसली नाही."

इंग्रजीत लिहिताना हे शब्द मला धंद्यातले वाटले होते. मराठीत ते शिव्यांसारखे ऐकू आले. शेवंताची पाठ माझ्याकडे होती. ती पाठ हलली नाही. मला वाटलं की संपलं, ती आता कधीच बोलणार नाही, मी तिला शिकवलंय तशीच गप्प बसणार. मी उठायला गेले. डिमेलोबाईंनी माझा पदर घट्ट धरून ठेवला होता.

"हे कुनी लिव्हलं?" शेवंताने विचारलं.

मॅजिस्ट्रेटांनी माझ्याकडे पाहिलं. आता विचारलं होतं, तेव्हा उठणं भाग होतं. "मी लिहिलं," मी म्हणाले.

शेवंताने मागे वळून पाहिलं नाही. "साहेब, त्या दिवशी बाई म्हनल्या, तू बोलू नगंस, मी बोलते. म्हनून न्हाई बोलले. म्हनल्या, रडू नगंस, पोर बिथरंल. म्हनून न्हाई रडले. पोरीला जागा मिळावी म्हनून बाई सांगतील तशी वागले मी. आता त्येच माझ्यावर लिव्हलंय व्हय?"

तिने पुरचुंडी मांडीवर नीट ठेवली.

"आज मला कुनी गप ऱ्हा म्हनलेलं न्हाई. इचारा काय इचारायचं त्ये."

सभासद बायांनी विचारायला सुरुवात केली. पोर शाळेला कुठे जाईल? "म्युन्शिपाल्टीच्या इस्कुलात. मास्तरांना इचारून आले, नाव घालतो म्हनले." माझी सगळी घोकंपट्टी तिने पहिल्या वाक्यातच सोडून दिली होती. तू कामावर असताना कोण बघेल? तिने शेजारणीकडे बोट केलं, शेजारीण उठून उभी राहिली आणि "मी बघते की" म्हणून बसली. मग दुसऱ्या बाईंनी तो प्रश्न विचारला, जो मी तयारीत जाणूनबुजून गाळला होता, कारण त्याचं उत्तर मलाच सुचत नव्हतं.

"आणि तुमचा आजार उलटला तर?"

शेवंता थोडा वेळ गप्प राहिली. पण या वेळचं गप्प राहणं निराळं होतं, ती विचार करत होती.

"उलटला तर पुन्यांदा दवाखान्यात जाईन," ती म्हणाली. "पोर हिच्याकडं ऱ्हाईल, हितंच वस्तीत. मागच्या येळेला मी तिला काईच न सांगता तोंड फिरवून हुभी ऱ्हायले. तिला वाटलं आसंल, आईनं टाकली. आता जायाची पाळी आली तर तिला सांगून जाईन आन् तिच्या डोळ्यांम्होरं परत येईन."

त्यांनी आम्हांला बाहेर बसायला सांगितलं. तेच ते बाकडं. शेवंता एका टोकाला, मधे तिची शेजारीण, दुसऱ्या टोकाला मी. आत काय चाललंय ते कळत नव्हतं. शिपाई एकदा आत गेला, एकदा बाहेर आला, आणि दोन्ही वेळा मी अर्धी उठले. शेवंता समोर बघत होती. मग म्हणाली, "बाई, त्यो कागद तुमच्याजवळ हाय?"

होता. माझी प्रत पिशवीतच होती, आठ दिवस तिथेच होती.

"वाचा. समदा."

मी वाचला. तीन पानं, मराठीत करत. तिने मधे कुठेच थांबवलं नाही. संपल्यावर ती म्हणाली, "भांडी न्हाईत म्हनून लिव्हलंय. तुमाला चा कशात दिला हुता?"

मला लख्ख आठवलं. निळ्या काठाची पांढरी कपबशी. साखर तिने शेजारून मागून आणली होती, तेही आठवलं.

"कपबशीत," मी म्हणाले.

"दोन हुत्या. एकीचा कान तुटका हुता, ती मी घेतली."

मला रडू फुटलं. चूक कबूल करायची तर मोठमोठी वाक्यं लागतात असं मला वाटत असे. त्या वेळी एकच सुचलं. "चुकलं माझं, शेवंताबाई."

"चुकलंच," ती म्हणाली. "त्ये भांड्याचं खोडा."

मी म्हटलं, कोर्टाच्या फायलीतलं खोडता येत नाही. ती म्हणाली, "मग तुमच्यातलं खोडा." मी पेन काढून माझ्या प्रतीतली ती ओळ खोडली. मग ओढ दिसली नाही, ती ओळ मी आपणहून खोडली. तिने पेन माझ्या हातातून घेतलं आणि खोडलेल्या दोन्ही ओळींपाशी सावकाश, ओठ दातांखाली दाबून, आपलं नाव लिहिलं. मला दर अक्षराला तिचा हात धरावासा वाटत होता. मी माझे हात मांडीखाली घालून बसले. ती दुसरं नाव पुरं करत असतानाच शिपायाने आत बोलावलं. मुलगी आईच्या ताब्यात द्यावी, असा हुकूम झाला होता.

या हुकुमाने माझ्या कपाटातल्या बाकीच्या फायलींचं काही भलं झालं नाही. त्यांतले कितीतरी रिपोर्ट त्यांच्या माणसांनी कधीच ऐकले नाहीत, आणि त्यांतली काही माणसं नंतर मला सापडलीही नाहीत. ती बोच अजून आहे. पण त्यानंतर मी ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला वाचून दाखवल्याखेरीज कागद पुढे पाठवला नाही. माझी कामं त्यामुळे रेंगाळू लागली. लोक भांडायचे, शब्द बदलायला लावायचे, एकीने तर नवरा 'दारुडा' लिहू नका, 'पितो' एवढंच लिहा म्हणून तासभर हुज्जत घातली. डिमेलोबाई म्हणायच्या, "गुड. भांडू दे."

सुमनला आणायला मी आणि शेवंता दोघी गेलो. हुकूम दाखवायला केंद्राचं माणूस लागे. संस्थेच्या फाटकात सुमन बाहेर आली, दोन वेण्या, धुतलेला फ्रॉक, हातात ट्रंक. उंच झाली होती. तिने आईला वाकून नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा. शेवंताने तिला जवळ घेतलं तरी ती ताठच राहिली. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली, शेवंता मधे, मी कडेला. अर्धा तास पोर एक शब्द बोलली नाही. शेवंता पुरचुंडीतला लाडू काढून हातात धरून बसली होती. मला पुन्हा तीच धाकधूक सुरू झाली. पोर बोललीच नाही तर? चार वर्षांत आईची ओढ आटून गेली असेल तर? हेही माझ्याच नावावर लागणार होतं.

शेवटी सुमनने माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या कोण?" तिची भाषा संस्थेतली, अगदी शुद्ध.

"गुप्तेबाई," शेवंता म्हणाली. "आपल्यावर लिव्हत्यात."

"काय लिहितात?"

शेवंता म्हणाली, "इचार त्यांनाच. आता वाचून दाखवत्यात त्या."

मुलगी ताब्यात दिल्याचा रिपोर्ट मला त्याच दिवशी लिहायचा होता, कोरा कागद पिशवीतच होता. तो काढून मी गुडघ्यावर ठेवला. "सुमन, अजून काहीच लिहिलेलं नाही. तू सांग, काय लिहू?"

ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "लिहा, आई आली." आणि थोडं थांबून, "उशिरा आली."

शेवंताने मान खाली घातली. तिच्या हातातला लाडू फुटला होता. मी लिहिलं, 'आई आली. उशिरा आली.' त्याच्याखाली लिहिलं, 'उशीर माझ्यामुळे झाला.' आणि एसटीच्या खडखडाटात दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात सगळं वाचून दाखवलं.